आजीचे चौदावे वर्ष



दिवाळी सरली की आमच्या बीड जिल्ह्यातील कितीतरी गावांचे रूप पालटते. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे ट्रक-ट्रॅक्टरमध्ये संसार भरून पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांची वाट धरतात. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे साधारण पाच-सहा महिने, ती परतत नाहीत. गावात मागे उरतात ती दोन वयांची माणसे : साठी ओलांडलेली आणि वयात येऊ घातलेली. या दिवसांत माझ्या दवाखान्यात आजी नातीला घेऊन आली आहे की नात आजीला, हे पाहताक्षणी सांगता येत नाही. एकीचा गुडघा दुखत असतो, दुसरीचे पोट. दोघींची कागदपत्रे एकाच पिशवीत असतात.

काही वर्षांपूर्वी अशीच एक जोडी आली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, आजींनी लिहिण्यास संमती दिली आहे.) नात चौदा वर्षांची, नववीत शिकणारी. आजी म्हणाल्या, "बाई, लेकरू जेवत नाही, बोलत नाही. वारं लागल्यावानी बसती. ताकतीचं इंजेक्शन द्या."

मुलीच्या डोळ्यांच्या पापण्या आतून फिकट होत्या. रक्त कमी असणार, हे उघड होते. तपासणी लिहिली, लोहाच्या गोळ्या लिहिल्या. ठरल्या रीतीने काम तेथेच संपले असते. पण त्या दिवशी मी लेखणी खाली ठेवली, त्याला कारण होते. त्याच्या दोन वर्षे आधी अशीच एक मुलगी अशाच तक्रारीसह माझ्याकडे आली होती. तिलाही मी गोळ्या दिल्या होत्या, टॉनिक दिले होते, आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले होते. ती पुन्हा आली तेव्हा सोळाची होती, गळ्यात मंगळसूत्र होते आणि सहावा महिना चालू होता. कायद्याने जे कळवायचे ते मी कळवले, वैद्यकशास्त्राने जे करायचे ते केले. परंतु पहिल्या भेटीत ती गप्प का आहे, हे मी तिला विचारले नव्हते. ही चूक सर्वस्वी माझी होती आणि ती मी विसरलेले नाही.

म्हणून या वेळी आजींना बाहेर बसवून मुलीशी बोलले. तिची पाळी सुरू होऊन चार महिने झाले होते आणि आई कारखान्यावर असल्याने तिने ती कोणालाच सांगितली नव्हती. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, चैत्रात आई-वडील परत आले की तिला "पाहायला" येणार होते. ही बातमी तिला भिंतीआडून कळली होती.

आजींना आत बोलावले. काय बोलावे हे मलाही सुचत नव्हते. कायदा सांगितला असता तर त्यांनी मान हलवली असती आणि घरी जाऊन व्हायचे तेच झाले असते. मी सहज विचारले, "आजी, तुम्ही चौदा वर्षांच्या होतात तेव्हा काय करत होतात?"

आजी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "चौदाव्या वरसाला माजी पयली लेक गेली, बाई. नऊ दिवसांची व्हती."

नातीने आजीकडे पाहिले. तिला ते ठाऊक नव्हते. त्या घरात ते कोणी कधी बोललेच नव्हते.

दोन टोकांची दोन वये

वयात येणे म्हणजे केवळ शरीराचा बदल नव्हे. मुलींमध्ये हे बदल साधारण ८ ते १३ आणि मुलांमध्ये ९ ते १४ या वयात सुरू होतात. उंची वाढते, आवाज फुटतो, पाळी येते, चेहऱ्यावर मुरुमे येतात. हे सारे दिसते. जे दिसत नाही ते अधिक महत्त्वाचे आहे. भावना उसळवणारे मेंदूतील भाग या वयात जोमाने काम करू लागतात. परंतु त्यांना लगाम घालणारा, परिणामांचा विचार करणारा कपाळामागचा भाग पूर्ण परिपक्व होण्यास पंचविशी उजाडते. घोडा तयार असतो, स्वार अजून शिकत असतो. झोपेचे घड्याळही पुढे सरकते. रात्री झोप उशिरा येते आणि सकाळी डोळा उघडत नाही. त्याला आपण आळस म्हणतो. पुष्कळदा तो वयाचा धर्म असतो.

याच काळात मूल एक प्रश्न स्वतःला विचारू लागते : मी कोण? मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी १९५० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात माणसाच्या आयुष्याचे आठ टप्पे कल्पिले. त्यातील पौगंडावस्थेचा टप्पा 'स्वतःची ओळख घडण्याचा' आहे. आणि शेवटचा, वार्धक्याचा टप्पा आहे मागे वळून पाहण्याचा : जे जगलो त्याचा मेळ लागतो की खंत उरते, हे ठरण्याचा. म्हणजे एकाच ओसरीवर बसलेली नात आणि आजी एकाच प्रश्नाच्या दोन टोकांना असतात. नात विचारते, 'मी कोण होणार?' आजी विचारते, 'मी कोण होते?'

आणखी एक गोष्ट सांगते, ती ज्येष्ठ वाचकांना आपल्या अनुभवाने पटेल. काल सकाळी काय खाल्ले ते आठवत नाही. पण शाळेच्या बाकावर शेजारी कोण बसत असे, सासरी पाऊल टाकले त्या दिवशी कोणते लुगडे होते, हे लख्ख आठवते. स्मृतीचा अभ्यास करणाऱ्यांना वारंवार असे आढळले आहे की, वृद्ध माणसांच्या आठवणींत साधारण १० ते ३० या वयातील आठवणींची दाटी सर्वाधिक असते. त्या वयात सारे काही पहिल्यांदाच घडत असते; म्हणून ते खोल रुजते. याचा अर्थ असा की, नातवंड ज्या वयातून चालले आहे, नेमके तेच वय आजी-आजोबांच्या स्मरणात सर्वांत ताजे आहे. पौगंडावस्था शिकवणारा याहून जवळचा शिक्षक कोठे शोधावा?

ओवी : न छापलेले पुस्तक

"आम्हाला लिहिता-वाचता येत नाही, आम्ही काय शिकवणार?" असे आपण म्हणाल. आपल्या मातीतील स्त्रियांनी वयात येण्याचे अनुभव जात्यावर बसून सांगितले आहेत. माहेर सुटण्याचे दुःख, भावाची वाट पाहणे, सासरचा पहिला पहाटप्रहर, लेकीला निरोप देणाऱ्या आईचा कंठ, हे सारे ओवीत आहे. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील गावोगावच्या अशा लाखभर ओव्या जमविल्या. आपल्या माजलगावातही १९९६ साली स्त्रियांच्या तोंडून ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या आणि त्यांत बाबासाहेब आंबेडकरांवरच्या ओव्याही होत्या. म्हणजे जात्यावर बसलेली बाई केवळ सासर-माहेर गात नव्हती. मी कोण, माझी माणसे कोण, माझा मान कशात, हेही गात होती.

ज्या आजींविषयी मी लिहीत आहे, त्यांनाही ओव्या येत होत्या. मी नातीला एक शंभर पानी वही आणायला सांगितली. औषधाच्या चिठ्ठीवर गोळ्यांखाली लिहिले : रोज रात्री जेवणानंतर आजीची एक ओवी वहीत उतरवणे आणि तिचा अर्थ आजीला विचारणे.

अंबाजोगाईला ज्यांची समाधी मानली जाते त्या मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' (परंपरेने शके १११०, म्हणजे इसवी सन ११८८) गुरु-शिष्यांच्या संवादातून उलगडतो. शिष्याने शंका काढावी, गुरूने ती न रागावता फेडावी, ही शिकवण्याची रीत आपल्या भूमीत तितकी जुनी आहे. घरात मात्र आपण मुलांना प्रश्न विचारू देत नाही. "मोठ्यांच्या मध्ये बोलू नये" एवढे एकच सूत्र पाठ करून घेतो.

पुस्तकाची किल्ली

साहित्याचा उपयोग उपदेशासाठी नाही. तो कुलूप उघडण्यासाठी आहे. माझाच अनुभव सांगते. १९८३ साली अंबाजोगाईला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते व्यंकटेश माडगूळकर. मी तेव्हा शाळकरी मुलगी होते. आजोबा मला मंडपात घेऊन गेले. भाषणातले मला फारसे कळले नाही, पण घरी आल्यावर आजोबांनी 'बनगरवाडी' हाती दिली आणि म्हणाले, "मला वाचून दाखव, माझा चष्मा जुना झाला." माणदेशातील धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला गेलेला एक कोवळा मास्तर, वाडीने त्याला हळूहळू आपले म्हणणे, आणि अखेरीस दुष्काळाने ओस पडलेले ते गाव. वाचन संपले त्या रात्री आजोबा प्रथमच स्वतःच्या मुलपणाविषयी बोलले. निजामाच्या राज्यात वरच्या इयत्ता उर्दूतून शिकाव्या लागत. ती भाषा जमेना, फी परवडेना, म्हणून चौदाव्या वर्षी त्यांनी शाळा सोडली होती. वर्गात न कळता बसण्याची लाज त्यांनी पन्नास वर्षे पोटात ठेवली होती. मी गणितात कच्ची होते आणि तीच लाज मलाही होती. पुढे वैद्यकीय महाविद्यालयात इंग्रजी पुस्तके समोर आली, तेव्हा त्या रात्रीने मला किती आधार दिला, ते शब्दांत सांगता येणार नाही.

म्हणून ज्या घरी वाचणारे कोणी आहे, तेथे काही पुस्तके जरूर आणावीत. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली 'श्यामची आई' एकेका रात्रीची कथा म्हणून रचलेली आहे. रोज एक रात्र वाचली की महिना-दीड महिन्यात पुस्तक होते. मात्र "बघ, श्याम कसा होता आणि तू कसा" असे एकदाही म्हणू नये. तसे म्हटले की पुस्तकाची छडी होते.

प्रकाश नारायण संतांच्या 'वनवास'मधील लंपन आई-वडिलांपासून दूर आजी-आजोबांजवळ वाढतो. आमच्या जिल्ह्यातील हजारो मुलांचे हेच जगणे आहे. मात्र त्यांच्यासाठी ते ऊसतोडीमुळे आहे. आई-वडिलांची आठवण कशी अचानक पोटात कालवते आणि तरीही आजीच्या घरात आनंद कसा असतो, हे त्या पुस्तकात मुलाच्या डोळ्यांनी दिसते. आनंद यादवांच्या 'झोंबी'ला १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शेतातून ओढून शाळेत जाण्यासाठी एका मुलाने स्वतःच्या वडिलांशी केलेला तो झगडा आहे. तो नातवाने वाचावा आणि आजोबांनी ऐकावा. मिलिंद बोकील यांची 'शाळा' आणीबाणीच्या काळातील नववीच्या मुलांची कथा आहे. मनात प्रथमच कोणीतरी आवडू लागणे ही लाजिरवाणी गोष्ट नाही, ही ओळख ती करून देते. आणि लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'! बालवयात लग्न झालेल्या मुलीचे आयुष्य इतक्या निर्मळ विनोदाने त्यात आले आहे की, हसता हसता ऐकणाऱ्या आजीचे डोळे भरून येतात.

अमेरिकेतील एमरी विद्यापीठात रॉबिन फिव्हश आणि मार्शल ड्यूक या संशोधकांना असे दिसले की, ज्या मुलांना आपल्या घराण्याच्या गोष्टी, त्यांतील चढ आणि उतार दोन्ही, ठाऊक असतात, त्यांचा आत्मविश्वास अधिक असतो. गोष्ट सांगितली म्हणजे मूल सावरलेच, असा याचा अर्थ नव्हे. पण ज्या घरात गोष्टी सांगितल्या जातात त्या घरात बोलणे असते, आणि बोलणे हेच निम्मे औषध आहे.

कसे करावे?

वेळ ठरवून घ्यावी. रात्रीच्या जेवणानंतरचा अर्धा तास उत्तम. त्या अर्ध्या तासात मोबाइल आणि दूरदर्शन बंद. मुलाने वाचावे, ज्येष्ठांनी ऐकावे. याने मुलाचे वाचन सुधारते आणि ज्येष्ठांच्या डोळ्यांना ताण पडत नाही. चष्म्याचा क्रमांक दोन वर्षांत तपासला नसेल तर तपासून घ्यावा. मोतीबिंदू आहे का, हे पाहावे. ऐकू कमी येत असेल तर मुलाला समोर, उजेडात बसवावे, म्हणजे ओठांची हालचाल दिसते.

गोष्ट सांगताना फक्त आपले शौर्य सांगू नये. आपण घाबरलो कधी, फसलो कधी, रडलो कधी, हे सांगावे. "आमच्या वेळी असे नव्हते" या वाक्याने बोलणे संपते, "आमच्या वेळी असे होते, तुमच्या वेळी कसे आहे?" या वाक्याने ते सुरू होते. मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट शेजारी सांगू नये. तसे एकदा झाले की ते दार पुन्हा उघडत नाही. मात्र मुलाच्या जिवाला धोका आहे असे कळले तर ती गोष्ट मनात ठेवू नये, आणि तसे मुलाला आधीच सांगावे.

पाळीविषयी, शरीराविषयी बोलताना 'विटाळ' हा शब्द टाळावा. पाळी हा आजार नव्हे. पंधरा वर्षे पूर्ण होऊनही पाळी आली नाही, किंवा रक्तस्राव फार होऊन थकवा येत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी लोहाची निळी गोळी मुलींनी आणि मुलांनी टाळू नये. ती जेवणानंतर घ्यावी, चहाबरोबर घेऊ नये.

काळजी घेणाऱ्यांसाठी

घरात स्मृतिभ्रंश झालेले ज्येष्ठ असतील, तर ही बैठक त्यांच्यासाठीही आहे. नवी नावे त्यांच्या लक्षात राहत नाहीत. पण जुने गाणे, ओवी, जुने छायाचित्र, शेणाने सारवलेल्या अंगणाचा वास यांनी जुन्या आठवणी जाग्या होतात. नातवंडाला सांगून ठेवावे : आजोबांनी साल चुकवले तर दुरुस्त करू नकोस, तीच गोष्ट दहाव्यांदा सांगितली तरी हसू नकोस. याने आजार बरा होत नाही. परंतु ती संध्याकाळ शांत जाते, आणि काळजी घेणाऱ्याला एका संध्याकाळचे मोल ठाऊक असते.

काही आठवणी मात्र जड असतात. गेलेले मूल, मारहाण, दुष्काळातील उपासमार. सांगताना ज्येष्ठ अस्वस्थ झाले तर आग्रह धरू नये. पाणी द्यावे, हात धरून बसावे, विषय दुसऱ्या दिवसावर ठेवावा. रडू येणे वाईट नाही. पण त्यानंतर दिवसेंदिवस झोप उडाली, जेवण सुटले, तर डॉक्टरांशी बोलावे.

मुलांच्या बाबतीतही हेच. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, शाळेला जाणे टाळणे, झोप-भूक एकाएकी बदलणे, "मी नसते तर बरे झाले असते" असे बोलणे, यांतले काहीही दिसले तर गोष्टींवर विसंबू नये. शासनाची 'टेली-मानस' ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे. बालविवाहाची किंवा मुलाच्या छळाची शंका असेल तर १०९८ हा क्रमांक आहे. मुलीचे वय १८ आणि मुलाचे २१ पूर्ण होण्याआधी लग्न लावणे हा २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आमच्या जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या दर दहा स्त्रियांपैकी चौघींहून अधिक जणींचे लग्न अठराच्या आत झाल्याचे आढळले. यामागे केवळ अडाणीपण नाही. मुलीला एकटी मागे ठेवायची भीती, कारखान्यावरच्या कोपीत नेण्याची भीती, आणि लग्न झाले की नवरा-बायकोचा एक नवा 'कोयता' तयार होतो हा व्यवहार, अशी सारी गुंतागुंत आहे. ती एका वहीने सुटणार नाही, हे मी जाणते. पण निर्णय जेथे होतो त्या ओसरीवर आजीचा शब्द असतो. आणि तो कोणत्या बाजूने पडावा, हे आजीच्या हाती असते.

वहीतील पाने

त्या आजी-नातीची वही मी पुढे पाहिली. साठाहून अधिक ओव्या होत्या. खाली नातीच्या अक्षरात प्रश्न आणि आजीची उत्तरे. एका पानावर नातीने विचारले होते : "तुझं लग्न ठरलं तेव्हा तुला कोणी विचारलं होतं का?" खाली उत्तर होते : "नाही. कोणी विचारलं नाही. विचारतात हेच मला माहीत नव्हतं."

पट्टा पडला, मुलगा-सून परत आली. पाहुणे यायच्या आदल्या रात्री आजी मुलाला म्हणाल्या, "तुज्या थोरल्या बहिणीला मी नऊ दिवस मांडीवर घेतलं. माजंच अंग लेकराचं व्हतं, दूध कुटून येनार? हिला धाव्वी करू दे." आपल्याला एक थोरली बहीण होती, हे त्या मुलालाही तेव्हाच कळले. पाहुण्यांना निरोप गेला की यंदा नाही.

पुढे काय झाले, हे आपण विचाराल. मुलगी दहावी झाली. हिमोग्लोबिन वाढले, ते गोळ्यांनी. बोलू लागली, त्याचे श्रेय मी गोळ्यांना देत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तोच विषय घरात निघाला आणि पुन्हा आजींना बोलावे लागले. अशा गोष्टी एकदा बोलून संपत नाहीत. आजींचा गुडघा अजून दुखतो. परवा तपासायला आल्या तेव्हा मी रक्तदाब पाहत होते आणि त्या सांगत होत्या, "बाई, आता वही भरली. दुसरी आनायला सांगितली हाय."

आज रात्री जेवण झाल्यावर आपल्या नातवंडाला जवळ बोलवा, आणि आपल्या चौदाव्या वर्षाची एक गोष्ट सांगा. मग त्याला विचारा, "आता तुझं सांग." आणि ते सांगत असताना मध्ये बोलू नका.